ट्रॅक्टरवाल्यानं फेरारीला धूळ चारली? कोणत्या शर्यतीत, भाऊ?

पोळा जवळ आला की आमच्या आर्वी-पुलगाव भागात एक मेसेज हमखास फिरू लागतो. गावच्या ग्रुपवर येतो, शेतकरी कंपनीच्या ग्रुपवर येतो, सोयऱ्यांच्या ग्रुपवर तर दोनदा येतो. मजकूर थोडक्यात असा: इटलीतल्या एका गरीब शेतकऱ्याच्या पोरानं ट्रॅक्टर दुरुस्त करून पैसे जमवले आणि फेरारी घेतली. क्लच बिघडला म्हणून तो थेट मालकाकडे गेला. एन्झो फेरारी म्हणाला, 'तू ट्रॅक्टरच चालव, फेरारी तुला झेपायची नाही.' पोरगा पेटला. त्यानं लॅम्बोर्गिनी काढली, चिन्हावर शेतकऱ्याचा बैल ठेवला आणि शर्यतीत फेरारीला धूळ चारली. फेरारी संपली, ट्रॅक्टरवाला जिंकला. खाली 'जय किसान' आणि दहा जणांना पाठवायची ताकीद.

माझं दुकान ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्ट्सचं. गल्ल्यामागच्या भिंतीवर देवाच्या फोटोशेजारी लॅम्बोर्गिनी मिउराचं पोस्टर आहे, ते पाहून गिऱ्हाइकं हा मेसेज मला मुद्दाम दाखवतात. म्हणजे ही गोष्ट आवडायचा पहिला हक्क माझाच. पण तिच्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य एक तर चूक आहे, नाही तर अर्धवट, आणि तिनं झाकलेली खरी हकिकत हिच्यापेक्षा कितीतरी दमदार आहे.

'गरीब शेतकऱ्याचा पोरगा' इथूनच सुरू करू. फेरुच्चिओ लॅम्बोर्गिनी १९१६ साली रेनाझ्झो गावात जन्मला. घरची शेती होती, द्राक्षाचे मळे होते. तंत्रशाळेत शिकला, महायुद्धात इटलीच्या हवाईदलात ऱ्होड्स बेटावर गाड्या दुरुस्त करत होता, ब्रिटिशांच्या कैदेत राहून १९४६ ला परतला. लष्करानं टाकून दिलेल्या गाड्यांची इंजिनं आणि सुटे भाग घेऊन त्यानं ट्रॅक्टर जोडायला घेतले, आणि १९४८ ला पहिलं मॉडेल आलं. त्यात एक युक्ती होती. पेट्रोल महाग, म्हणून इंजिन पेट्रोलवर सुरू करायचं आणि गरम झालं की स्वस्त डिझेलवर न्यायचं. विहिरीवरचं इंजिन पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवलेली म्हातारी माणसं आमच्याकडे अजून आहेत, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. फेरारी विकत घेईपर्यंत, म्हणजे १९५० चं दशक सरता सरता, हा माणूस इटलीतल्या मोठ्या ट्रॅक्टर कारखानदारांपैकी एक झाला होता, बर्नर आणि हीटरच्या धंद्यातही उतरत होता. गरीब कुठून आणला?

आता अपमान. क्लचची ही कहाणी मुख्यतः फेरुच्चिओनंच नंतरच्या मुलाखतींमधून सांगितली. प्रसंगाचे तपशील जागोजागी बदलतात. कुठे दोघं समोरासमोर येतात, कुठे एन्झो भेटतच नाही. एन्झोच्या तोंडचं वाक्य तर दर वेळी नवं. काही तरी घडलं असेल, एन्झो तिरसट होताच. पण ते वाक्य अवतरणचिन्हांत टाकून छातीठोक सांगण्याइतका पुरावा कुणाकडे नाही.

या भांडणाची मला गंमत वाटते ती धंद्यामुळे. क्लच जळाला की दोष कुणाचा, हा वाद माझ्या काउंटरवर रोजचा. गिऱ्हाईक म्हणते प्लेट डुप्लिकेट दिली, मी म्हणतो पेडलवर पाय ठेवून ट्रॅक्टर हाकता, प्लेट राहील कशी? भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांधीत चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरची प्लेट किती लवकर जाते ते तिकडच्या मिस्त्रींना विचारा. 'गाडी ठीक आहे, चालवणारा चुकतो' हे एन्झो म्हणाला असेल, तर जगातल्या कुठल्याही पार्ट्सवाल्यानं तेच म्हटलं असतं. त्यात ट्रॅक्टरवाल्यांचा म्हणून वेगळा अपमान मला दिसत नाही. फेरुच्चिओनं मात्र पुढचं काम अस्सल मिस्त्रीसारखं केलं. त्याच्या सांगण्यानुसार, त्यानं आपल्याच कारखान्यात ती गाडी खोलली आणि आतला क्लच आपण ट्रॅक्टरला वापरतो त्याच कंपनीचा निघाला. मग त्यानं दुसरा, दणकट क्लच बसवला.

आणि हिशेब केला. तेच पार्ट्स महागड्या गाडीत घातले तर नफा किती पटीनं वाढतो, हे सुट्या भागांच्या किमती तोंडपाठ असलेल्या माणसाला दिसणारच. १९६३ ला त्यानं सांत'आगाता बोलोन्येझे इथे कारचा कारखाना काढला तो या हिशेबावर. निव्वळ रागावर फाउंड्री, लेथ आणि पगार चालत नाहीत. त्याच वर्षी तुरीनच्या प्रदर्शनात पहिली गाडी मांडली तेव्हा तिच्यात इंजिन बसतच नव्हतं. वजनासाठी बॉनेटखाली फरश्या भरल्या आणि बॉनेट उघडू दिलं नाही, असं सांगतात. मला त्या सूडकथेपेक्षा हा बिलंदरपणा जास्त आवडतो.

बैलाचा मुद्दा लवकर संपवतो. तो बैल नांगराचा नाही. फेरुच्चिओची रास वृषभ, आणि त्याला वेड स्पेनमधल्या झुंजीच्या बैलांचं. मिउरा हे त्या बैलांची पैदास करणाऱ्या घराण्याचं नाव, आणि इस्लेरो नावाच्या गाडीमागेही तसाच एक झुंजीचा बैल आहे. पोळ्याला ट्रॅक्टरच्या मडगार्डवर त्याचं स्टिकर खुशाल लावा, छान दिसते. फक्त तो आपल्या ढवळ्या-पवळ्याचा भाऊबंद नाही.

आता मुख्य थाप. 'शर्यतीत फेरारीला धूळ चारली.'

कोणत्या? फेरुच्चिओच्या काळात लॅम्बोर्गिनी कंपनी शर्यतीत उतरलीच नाही. त्याचंच धोरण होतं ते. स्वतः तो एकदा उतरला होता, १९४८ च्या मिल्ले मिलिया या रस्त्यावरच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत, फियातची चिमुकली तोपोलिनो सुधारून. ती गाडी वाटेत एका खानावळीत घुसली आणि शर्यत तिथेच आटोपली. पुढे कारखाना काढल्यावर शर्यतीवर पैसा जाळायचा नाही, हे त्यानं ठरवूनच टाकलं.

आणि त्याच वेळी फेरारी काय करत होती ते पाहा. फ्रान्समधली ले मान्सची २४ तासांची शर्यत तिनं १९४९, १९५४, १९५८ ला जिंकली आणि १९६० ते १९६५ सलग सहा वर्षं. १९४९ ला लुइजी किनेत्तीनं चोवीसपैकी जवळजवळ तेवीस तास एकट्यानं गाडी हाकली. लॅम्बोर्गिनीचा कारखाना उभा राहत होता त्या १९६३ मध्ये फेरारीनं इंजिन चालकाच्या मागे असलेल्या २५० पी गाडीनं ले मान्स मारलं. तशी मांडणी असलेली गाडी तिथे जिंकायची ती पहिलीच वेळ. १९६५ ला जिंकलेली २५० एलएम तर एका खाजगी संघाची होती. तीच गाडी २०२५ मध्ये पॅरिसच्या लिलावात सुमारे ३.५ कोटी युरोला गेली, म्हणजे आपले तीनशे कोटींच्या वर. एन्झोचं गणित उलटं होतं. रस्त्यावरच्या गाड्या तो विकायचा त्या शर्यतीला पैसा मिळावा म्हणून.

ले मान्सला फेरारीला खरोखर लोळवलं ते अमेरिकेच्या फोर्डनं. फेरारी विकत घ्यायची बोलणी १९६३ ला फिसकटली, त्यानंतर. तिथेही 'अपमान झाला आणि जिंकले' इतकं सोपं नव्हतं. १९६४ ला फोर्डच्या तिन्ही जीटी ४० अर्ध्यातच बसल्या, १९६५ ला एकही फोर्ड शेवटपर्यंत पोचली नाही. १९६६ ला सात लिटरचं इंजिन आणि अमाप पैसा ओतला तेव्हा पहिले तीन नंबर आले, मग १९६९ पर्यंत सलग चार वर्षं. आमच्या फॉरवर्डवाल्यांनी बहुधा फोर्डची मिरवणूक लॅम्बोर्गिनीच्या दारात नेऊन सोडली आहे.

'उतरली असती तर हरवलं असतं,' असं गेल्या वर्षी एका काकाजींनी मला सुनावलं. नसतं हरवलं, काकाजी. १९६६ ची मिउरा जगातली सगळ्यात देखणी गाडी आहे, यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे. जानपाओलो दल्लारा, पाओलो स्तान्झानी आणि बॉब वॉलेस या तिशीच्या आतबाहेरच्या पोरांनी कामाचे तास संपल्यावर तिचा सांगाडा आखला, मार्चेल्लो गांदिनीनं वरचं रूप दिलं. बारा सिलिंडरचं इंजिन चालकाच्या पाठीमागे आडवं. पण सुरुवातीच्या मिउरात इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच तेलावर चालायचे. ट्रॅक्टरमध्ये गिअर आणि हायड्रॉलिकला एक तेल चालते, पण इंजिनचं कुणी त्यात मिसळेल का? गिअरचा कीस थेट इंजिनच्या बेअरिंगांत जायची भीती. पेट्रोलची टाकी पुढे, ती रिकामी होत आली की जास्त वेगात गाडीचं तोंड हलकं पडायचं. कार्बोरेटरमधून गळलेल्या पेट्रोलनं कितीतरी मिउरा पेटल्या. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, बाण सुटावा तशी सुटणारी जोडी दिवसभर वखर ओढेल असं कुणी धुरकरी म्हणत नाही. मिउरा पटाची होती, ले मान्स वखराचं.

चोवीस तास म्हणजे किती, तेही सांगतो. एक फेरी १३.६२६ किलोमीटरची. २०२३ च्या विजेत्या गाडीनं ३४२ फेऱ्या मारल्या, म्हणजे जवळपास ४,६६० किलोमीटर. आपला समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. नागपूरहून मुंबईला जाऊन परत यायचं, असं तीनदा, आणि चौथ्यांदा निघून छत्रपती संभाजीनगरच्या आसपास पोचायचं. हे सगळं एका दिवसात, पेट्रोल, टायर आणि चालक बदलायचा वेळ धरून, रात्रीच्या अंधारात आणि पावसातही. समृद्धीवर उन्हाळ्यात एकाच वारीत टायर फुटल्याच्या बातम्या आपण वाचतो. ब्रेक, क्लच, गिअर सगळे शेवटच्या तासापर्यंत टिकवणं हीच ती शर्यत. (ती नेमकी जूनच्या मध्यात येते, पेरणीच्या घाईत. आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला सुरू होते, म्हणून एका कानाला सोयाबीनच्या बियाण्याची चर्चा आणि दुसऱ्या कानाला इअरफोन, अशी माझी दरवर्षीची गत. लाइन गेली की दोन्ही बंद.)

शर्यतीची हौस लॅम्बोर्गिनीतल्या माणसांना होती, मालकाला नव्हती, आणि माणसं त्यामुळेच गेली. पहिलं व्ही-१२ इंजिन काढणारा जिओत्तो बिझ्झारिनी मूळचा फेरारीचा, २५० जीटीओ गाडीवर काम केलेला. त्यानं केलेलं इंजिन मिनिटाला ९,८०० फेऱ्यांच्या वेगाला साडेतीनशेच्या वर अश्वशक्ती देत होतं. फेरुच्चिओ म्हणाला, मला शर्यतीचं इंजिन नको, सावकार लोकांना रोज चालवता येईल असं हवं. ते २८० च्या आसपास उतरवलं गेलं. बिझ्झारिनी निघून गेला, आणि १९६५ ला त्याची इझो ग्रिफो ही गाडी ले मान्सला एकंदरीत नववी आणि आपल्या गटात पहिली आली. वॉलेसनं १९७० ला शर्यतीच्या नियमांत बसेल अशी मिउरा, तिला योता म्हणतात, बनवली. ती शर्यतीला गेलीच नाही, विकली गेली आणि १९७१ ला अपघातात जळाली. दल्लाराही शर्यतीच्या ओढीनं बाहेर पडला. आज त्याच्या कंपनीच्या चासीवर बीएमडब्ल्यू आणि कॅडिलॅक ले मान्सला धावतात.

राहिलं 'फेरारी संपली, ट्रॅक्टरवाला जिंकला.' फेरारीनं १९६९ ला निम्मी भागीदारी फियातला दिली आणि शर्यती चालू ठेवल्या. ट्रॅक्टरवाल्याचं काय झालं ते मात्र मेसेजमध्ये कधीच येत नाही, आणि आमच्या भागानं वाचायला हवं ते तेच. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बोलिव्हियानं ट्रॅक्टरची मोठी ऑर्डर रद्द केली. माल तयार, कामगार कामावर, घेणारा गायब. कारच्या कारखान्याला पोसणारा धंदा ट्रॅक्टरचा होता, तोच बसला. ट्रॅक्टर कंपनी सामे या दुसऱ्या इटालियन ट्रॅक्टर कंपनीला विकली. १९७२ ला कार कंपनीतला ५१ टक्के हिस्सा गेला, तेलाच्या संकटानंतर १९७४ ला उरलेलाही. १९७८ ला कार कंपनीचं दिवाळं निघालं. मग मालक बदलत बदलत ती १९९८ मध्ये आउडीकडे आली. ट्रॅक्टर आजही लॅम्बोर्गिनी नावानं निघतात, पण त्या कंपनीचा कारशी संबंध नाही.

लॅम्बोर्गिनीच्या हुराकान गाडीनं अमेरिकेतल्या डेटोनाच्या २४ तासांच्या शर्यतीत २०१८ ते २०२० सलग तीनदा आपला गट जिंकला, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण ले मान्सच्या सगळ्यात वरच्या वर्गात फेरारी आणि लॅम्बोर्गिनी समोरासमोर आल्या त्या २०२४ ला. फेरारी पहिली. लॅम्बोर्गिनीच्या दोन गाड्या, दहावी आणि तेरावी. पुढच्या वर्षी लॅम्बोर्गिनी, ले मान्स ज्या जागतिक मालिकेत येते, तिच्यातून बाहेर पडली. २०२३, २०२४, २०२५, तिन्ही ले मान्स फेरारीची.

फेरुच्चिओ सगळं विकून उंब्रिया प्रांतात त्राझिमेनो तळ्याकाठी गेला, द्राक्षं लावली, आणि १९९३ ला वारेपर्यंत वाइन काढत राहिला. एका वाइनचं नाव त्यानं 'मिउराचं रक्त' असं ठेवलं होतं. मेसेज पाठवणाऱ्यांना त्याच्यात शेतकरीच हवा असेल, तर तो इथे आहे. कारखाने विकून झाल्यानंतरचा.