पात्राचा फॉर्म भरून पात्र उभं राहत नाही

कथा-कादंबरी लिहू पाहणाऱ्यांमध्ये एक मजकूर सतत एकमेकांना पाठवला जातो. सारांश असा: अस्सल पात्र हवं असेल तर पहिलं वाक्य लिहिण्याआधी त्याच्याबद्दलच्या शंभर प्रश्नांची उत्तरं लिहून काढा, ओळखीच्या माणसावरून पात्र घेऊ नका, ती नक्कल होते, आणि मुख्य पात्र वाचकाला आवडलंच पाहिजे. तिन्ही सल्ले लंगडे आहेत. पहिला सर्वांत जास्त, म्हणून आधी त्याचाच समाचार.

त्या शंभर प्रश्नांत रास, आवडता रंग, चहा की कॉफी, लहानपणीची भीती असं काय काय असतं. लग्नाच्या बायोडाटात उंची, गोत्र, पगार आणि ‘स्वभाव मनमिळाऊ’ वाचून समोरचा माणूस जितका कळतो, तितकंच या फॉर्मवरून पात्र कळतं. समजा मी लिहिलं, ‘मालतीबाई, वय ६४, स्वभाव काटकसरी.’ पुढे? काहीच नाही. आता त्यांना मंडईत पाठवू. सून बरोबर असली की मालतीबाई मेथीच्या जुडीसाठी दोन रुपयांवरून हुज्जत घालतात. एकट्या असल्या की भाजीवाली सांगेल ते पैसे मुकाट्याने देतात. हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की ‘काटकसरी’ हा शब्द गळून पडतो. ही घासाघीस सुनेला दाखवण्यासाठी आहे, आणि का, हे शोधायला आता कथा लिहावी लागेल. फॉर्मच्या कुठल्याही रकान्यात हे आलं नसतं, कारण फॉर्ममध्ये पात्र एकटंच असतं. तिथे सून नाही आणि भाजीवालीही नाही.

शेरलॉक होम्सचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. १८८७ साली छापून आलेल्या ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ या पहिल्या होम्स-कादंबरीत गोष्ट सांगणारा डॉ. वॉटसन आपल्या नव्या खोलीसोबत्याची, म्हणजे होम्सची, चक्क बारा कलमी यादी करतो. साहित्याचं ज्ञान शून्य, तत्त्वज्ञान शून्य, खगोलशास्त्र शून्य, रसायनशास्त्र मात्र सखोल. आणि एवढं करूनही हा माणूस करतो काय, हे न उलगडल्याने वैतागून ती यादी आगीत टाकतो! होम्सचे लेखक कॉनन डॉयल यांनीही पुढे ती फारशी मनावर घेतली नाही. याच कादंबरीत ‘लेखक कार्लाइल कोण?’ असं विचारणारा होम्स १८९० च्या ‘द साइन ऑफ फोर’मध्ये कार्लाइलबद्दल जाणकारासारखा बोलतो आणि जर्मन कवी गटेच्या ओळी जर्मनमध्ये म्हणतो. त्याला एक थोरला भाऊ आहे, हे वाचकाला आणि वॉटसनलाही थेट १८९३ च्या एका कथेत कळतं. शंभर प्रश्नांच्या फॉर्ममध्ये ‘भावंडे’ हा रकाना पहिल्या पानावरच असतो.

आपल्याकडचा भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्या. फुरसुंगीचा बनेश, सायकल, तोंडात ‘ट्टॉक!’ आणि नसत्या भानगडीत नाक खुपसायची खोड. त्याचा आवडता रंग कोणता, याने पिढ्यान् पिढ्यांच्या वाचकांचं काहीही अडलेलं नाही.

दुसरा मुद्दा नक्कलेचा. होम्सच्या मुळाशी एडिंबरोचे डॉ. जोसेफ बेल होते, हे डॉयल यांनी कधी लपवलं नाही. रोग्याकडे नुसतं पाहून त्याचा धंदा आणि गाव सांगायची बेल यांची हातोटी डॉयल यांनी विद्यार्थी म्हणून जवळून पाहिली होती. पण बेल शल्यविशारद आणि शिक्षक होते. होम्स हा हाताला काम नसलं की कोकेनची सुई टोचून घेणारा माणूस आहे. उचलली ती एक हातोटी, आणि ती वेगळ्याच स्वभावाच्या माणसाला दिली. ‘कोसला’चंही (१९६३) तसंच. भालचंद्र नेमाडे खानदेशातल्या सांगवीचे, शिकायला पुण्यात. पांडुरंग सांगवीकरही खानदेशातून पुण्यात शिकायला येतो. आडनावापर्यंत साम्य आहे. तरी पांडुरंग सगळीकडून हरून गावी परततो, नेमाडे प्राध्यापक आणि कादंबरीकार होतात. स्वतःच्या आयुष्याचा कच्चा माल घेऊन लेखकाने ‘मी वेगळा वागलो असतो तर’ हे तपासलं, असं मला ती वाचताना वाटतं. नक्कल होते ती शेजारच्या काकांना त्यांच्या चष्म्यासकट, त्यांच्याच घरात, त्यांच्याच भांडणात जसंच्या तसं बसवलं की. शिवाय काका बोलायचे बंद होतात, तो भाग वेगळाच.

तिसऱ्यावर फार शाई खर्चायची गरज नाही. हाच पांडुरंग बापाचे पैसे उधळतो, परीक्षेत आपटतो, कुणाचं धड ऐकत नाही. जावई म्हणून त्याला कुणी पसंत करणार नाही. पण तो आता काय करतोय, हे बघायला वाचक थांबतो, आणि कादंबरीला तेवढं पुरतं.

आता फॉर्मवाल्यांची एक गोष्ट मान्य. लांबलचक कादंबरीत किंवा मालिकेत नोंदी लागतातच. फक्त त्या लिहिण्याआधी नव्हे, लिहीत असताना ठेवायच्या: प्रकरण तीनमध्ये मालतीबाईंचा डावा गुडघा दुखतो असं लिहिलं की वहीत तेवढंच टिपायचं. डॉयल यांनी अशी वही ठेवली असती, तर पहिल्या कादंबरीत वॉटसनच्या खांद्याला लागलेली गोळी दुसऱ्या कादंबरीत त्याच्या पायात उतरली नसती.