सेल्फ-कंटेन्ड

आज संध्याकाळी लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरचे शेजारी भेटले. त्यांची मुलगी सप्टेंबरात इंग्लंडला चालली आहे, शेफिल्डला, मास्टर्स करायला. पेढे पोचले होतेच, म्हणून सहज विचारलं, राहायचं कुठे ठरलं? चेहरा उजळला त्यांचा. म्हणाले, "वहिनी, मस्त काम झालं. स्टुडिओ मिळतोय. स्वतःचं किचन, स्वतःचं बाथरूम, एकदम सेल्फ-कंटेन्ड. शुक्रवारच्या आत सही केली तर पन्नास पौंडांचं व्हाउचरपण आहे. आणि मुख्य म्हणजे कुणाशी काही संबंधच नको!"

चौथा मजला आला, ते उतरले. सातव्यापर्यंत माझ्या कानात तेच. कुणाशी काही संबंधच नको. कुकर लावायचा होता, तो तसाच ठेवून हे लिहायला बसले आहे. लांबेल. ज्यांची मुलं यंदा निघाली आहेत त्यांनी तरी वाचा.

आमची लेक २०२२ साली याच शेफिल्डला गेली. तिलाही स्टुडिओच होता. तिने नव्हता निवडला, मी निवडला. तिला युनिव्हर्सिटीच्या हॉलमधली, म्हणजे वसतिगृहातली, खोली हवी होती, सहा जणांत एक किचन असलेली. मी म्हटलं, अजिबात नाही. आपण शाकाहारी. त्या फ्रिजमध्ये कोण काय ठेवेल, तुझ्या तव्यावर कोण काय भाजेल, रात्री पाणी प्यायला उठलीस तर किचनमध्ये कोण बसलेलं असेल, कुणास ठाऊक. आठवड्याला १८५ पौंड, ५१ आठवड्यांचा करार. गुणाकार करून बघा, ९,४३५ पौंड. तेव्हाच्या भावाने नऊ लाखांच्या आसपास. कर्ज थोडं जास्त काढू, पण पोरीला स्वतःचा दरवाजा हवा, असं मी म्हटलं आणि घरात सगळ्यांनी माना डोलावल्या.

नोव्हेंबरात एका रात्री तिचा फोन आला. आपल्याकडे पहाटेचे साडेचार. छातीत धस्स झालं. उचलला, तर पोरगी आनंदाने बोलत सुटलेली. वरणाला फोडणी दिली, मोहरी-हिंग-मिरचीचा धूर झाला, फायर अलार्म वाजला आणि नियमाप्रमाणे अख्खी बिल्डिंग खाली पार्किंगमध्ये. अर्धा तास थंडीत कुडकुडत. दोन दारं सोडून राहणाऱ्या एका नायजेरियन मुलीने आपलं अर्धं ब्लँकेट हिच्या खांद्यावर टाकलं. नाशिकचा एक मुलगा निघाला, तो म्हणे वासावरूनच शोधत आला की आपल्याकडचं कोण आहे इथे. मी विचारलं, अगं, लोक चिडले नाहीत का? तर म्हणाली, "चिडले असतील. पण आई, आज मी सहा जणांशी बोलले!"

सहा जणांशी. मोजले होते तिने.

त्या नायजेरियन मुलीला ती त्या रात्री पहिल्यांदा भेटली. दोन महिने दोघी एकाच मजल्यावर राहत होत्या, एकाच लिफ्टने जात होत्या. मास्टर्सचे तास असतात किती? आठवड्यातले तीन दिवस, तेही काही तास. बाकीचा वेळ कार्ड लावून उघडायचा तो दरवाजा आणि आत ती. डिसेंबरात तिथे दुपारी चारच्या आत अंधार पडतो. ती रोज रात्री तासभर व्हिडिओ कॉल करायची, फोन बरणीला टेकवून समोर खिचडी खायची, आणि मी इकडे नातेवाइकांत कौतुकाने सांगायचे, रोज फोन करते हो, अजिबात विसरली नाही आम्हाला. मला कळायला हवं होतं. आई आहे मी.

आता त्या "सेल्फ-कंटेन्ड" शब्दाविषयी. खरा राग मला त्या शब्दाचा आलाय.

माझं लहानपण गिरगावातल्या चाळीत गेलं. १८० चौरस फुटांत सात माणसं, कोपऱ्यात मोरी, संडास गॅलरीच्या टोकाला. १९८४ साली वडिलांनी डोंबिवलीला ब्लॉक घेतला. घरी पाहुणा आला की ते त्याला हॉलमध्ये बसवायच्या आधी संडास-बाथरूमचं दार उघडून दाखवायचे आणि म्हणायचे, "सेल्फ-कंटेन्ड आहे." रोज पहाटेची लोकल, फंडातलं कर्ज, आईच्या पाटल्या, सगळं त्या एका शब्दात गेलं होतं. आणि योग्य गेलं होतं. चाळीचे गोडवे मला कुणी ऐकवू नयेत. पावसाळ्यात हातात टमरेल घेऊन रांगेत उभी राहिलेली माझी आई मी पाहिली आहे. ती रांग सुटली याचा मला आजही आनंद आहे.

पण सात माणसांच्या खोलीतून सुटण्यासाठीचा तो शब्द मी उचलून बावीस वर्षांच्या मुलीला लावला, तोही अशा गावात जिथे तिला नावाने हाक मारणारं एक माणूस नव्हतं. लेकीचा स्टुडिओ १८ चौरस मीटरचा होता. म्हणजे साधारण १९० चौरस फूट. आमची चाळीतली खोली जवळजवळ तेवढीच होती. तिथे सात जणं, इथे ती एकटी. हे क्षेत्रफळ मी जाताना कागदावर वाचलं होतं आणि मला काही सुचलं नव्हतं.

आणि हे जे खोली शोधून देणारे एजंट "आमची सर्व्हिस फ्री आहे" म्हणून फोन करतात ना, त्यांच्याबद्दल तर बोलायलाच हवं. तुमच्याकडून पैसे घेत नाहीत, कारण त्यांना बिल्डिंगवाल्यांकडून कमिशन मिळतं. युनिव्हर्सिटीच्या हॉलमधली स्वस्त खोली तुम्ही थेट युनिव्हर्सिटीच्या साइटवरून घेतलीत तर त्यांच्या हाती काय लागणार? आमच्या बाबतीत त्या मुलाने शेअर्ड किचन हा शब्द असा उच्चारला होता की जणू धर्मशाळाच. "मॅडम, फॅमिलीवाले लोक स्टुडिओच घेतात." आणि मी फॅमिलीवाली, मला ते लगेच पटलं! डोंबिवलीत भाड्याने खोली घ्यायची तर आपण पाणी किती वाजता येतं ते विचारतो, शेजारी कोण आहे ते बघतो, रात्री एकदा स्टेशनपासून चालत जाऊन बघतो. आणि इथे चार फोटो बघून नऊ लाखांची सही करतो. शेजारी कोण आहे हे विचारायचं सोडाच, शेजारी नाही म्हणून खूश होतो.

नकाशावर वर्ग पंधरा मिनिटांवर दिसत होता. शेफिल्ड टेकड्यांवर वसलेलं गाव आहे. पाठीवर दप्तर आणि दोन्ही हातांत किराणा घेऊन तो चढ चढायला तिला पंचवीस मिनिटं लागायची. हे तिथे राहिलेल्या कुठल्याही मुलाने एका वाक्यात सांगितलं असतं. विचारलंच नाही कुणाला.

बाथरूमचा मुद्दा तुम्ही काढणार, माहीत आहे. मीही काढला होता. तर ऐका, स्टुडिओ आणि अख्खं घर वाटून घेणं यांच्या मध्ये एक गोष्ट असते. एन-स्वीट. खोली आपली, खोलीला कुलूप आपलं, संडास-बाथरूम आत, आपलं. फक्त किचन पाच-सहा-आठ जणांत. वडिलांचा हट्ट तिथेही पुरा होतो. पैसेही कमी. युनिव्हर्सिटीच्या हॉलमध्येही अशा खोल्या असतात, आणि कितीतरी युनिव्हर्सिट्या बाहेरदेशातून येणाऱ्यांना ठरलेल्या तारखेच्या आत अर्ज केला तर खोलीची हमी देतात. ती तारीख चुकवायची नाही, बस. आम्ही ती तारीख चुकवली नव्हती. आमच्याकडे ऑफर होती. मी ती नाकारायला लावली.

फेब्रुवारीपासून ती शेफिल्डच्याच क्रुक्समूर भागातल्या एका घरात राहायला गेली. सहा मुलं, एक किचन. सुटका सोपी नव्हती. करार ५१ आठवड्यांचा म्हणजे ५१ आठवड्यांचा, मधेच सोडता येत नाही, आपल्या जागी दुसरं कोणी आणून द्यावं लागतं. जानेवारीच्या प्रवेशाला आलेली एक मुलगी मिळाली म्हणून निभावलं. नव्या घरमालकाला इंग्लंडमधला जामीनदार हवा होता, तिथले लोक गॅरंटर म्हणतात. तो कुठून आणणार? मग सगळं भाडं आगाऊ भरलं. डिपॉझिटच्या बाबतीत मात्र मला तिथल्या कायद्याचं कौतुक वाटलं. भाड्याच्या घराचं डिपॉझिट सहसा पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही, आणि घरमालकाला ते ३० दिवसांच्या आत सरकारमान्य योजनेखाली सुरक्षित करावं लागतं. मुंबईत हेवी डिपॉझिट देऊन नंतर मालकाच्या दाराशी चकरा मारलेल्यांना हे समजेल.

आणि हो, तिच्या कढईत कुणीतरी बेकन तळलं. पहिल्याच आठवड्यात. रडत फोन आला. मला वाटलं, झालं, आता मी म्हणाले होते तेच. तिने ती कढई तिथेच सोडून दिली, नवीन आणली, दांड्याला लाल टेप गुंडाळली आणि रात्री सगळ्यांना बसवून सांगितलं की या कढईत मांस चालत नाही, का चालत नाही, आणि मला हे किती लागलं. ज्या ग्रीक मुलाने केलं होतं त्याला माहीतच नव्हतं. त्यानंतर वर्षभर लाल टेपच्या भांड्यांना कुणी हात लावला नाही. परीक्षेच्या आधी हिला ताप आला तेव्हा त्याच मुलाने लाल टेपचं पातेलं शोधून त्यात भात शिजवून दारापाशी ठेवला. भात गिचका झाला होता म्हणाली. सगळा खाल्ला.

त्या घरात कटकटीही होत्या. सिंकमध्ये भांडी पडलेली असायची, हीटिंग किती वेळ लावायचं यावरून भांडणं व्हायची. करार सगळ्यांचा मिळून असला की एकाने भाडं बुडवलं तर बाकीच्यांच्या गळ्याशी येतं, हेही खरं आहे. पूर्णवेळ विद्यार्थ्यांना तिथला कौन्सिल टॅक्स माफ असतो, पण घरात एखादा नोकरीवाला राहायला आला की बिल येऊ शकतं. हे सगळं बघून घ्यावं लागतं. काही मुलांना एकटं राहणं खरोखर मानवतं, तेही कबूल. ज्यांना मानवतं त्यांनी खुशाल राहावं.

पण त्या मुलांना विचारलं होतं का कुणी?

"मुलगी आहे, एकटी खोली सुरक्षित" असं म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे. ती त्या स्टुडिओत ताप येऊन पडली असती तर कुणाला कळलं असतं? मला, पाच तासांनी, फोन लागला नाही म्हणून. आणि मी मुलुंडमध्ये बसून काय केलं असतं? सुरक्षितता म्हणजे दाराला कार्ड नव्हे. आज ही किचनमध्ये दिसली नाही, असं कुणाच्या तरी लक्षात येणं, ती सुरक्षितता. माझ्या आईला बरं नसलं की शेजारच्या काकूंना मोरीतल्या पाण्याच्या आवाजावरून कळायचं. आवाज आला नाही की त्या यायच्या.

इतकं लिहिल्यावर जरा शांत वाटतंय. चौथ्या मजल्यावरच्या भाऊजींवर चिडून बसले होते, पण ते मुळात फार साधे गृहस्थ आहेत. लालबागच्या चाळीतून आलेले. त्यांच्या बायकोने मला एकदा सांगितलं होतं की लग्नानंतर नऊ वर्षं त्यांना नवराबायकोला स्वतंत्र खोली नव्हती. अशा माणसाला लेकीसाठी स्वतःचं दार, स्वतःचं बाथरूम, स्वतःचं किचन विकत घेता येतंय. त्यांचा तो उजळलेला चेहरा माझ्या वडिलांचाच होता. बाथरूमचं दार उघडून दाखवणारा. मी त्यांना काय शिकवणार?

पण "सहा जणांशी बोलले" हे वाक्य पहाटे साडेचारला माझ्या कानात शिरलं आहे आणि ते काही केल्या बाहेर जात नाही. तो आनंद होता तिचा. रडली असती तर मी समजून घेतलं असतं, समजूत काढली असती. ती इतकी आनंदात होती की त्यावरूनच मला तिच्या आधीच्या दोन महिन्यांची कल्पना आली.

मघाशी लेकीला फोन लावला. ती आता लीड्सला नोकरी करते, तिथे अजून दुपार आहे, जेवणाच्या सुट्टीत होती. सगळं सांगितलं. म्हटलं, भाऊजींना कसं सांगू? ती म्हणाली, "काकांना नको सांगूस. तिला विचार, तिला काय हवंय. आणि माझा नंबर दे."

मी त्या मुलीला विचारलेलंच नाही. पेढे घेतले, अभिनंदन केलं, तिच्या बाबांशी लिफ्टमध्ये बोलले.

शुक्रवारी सही आहे. आज बुधवार. कुकर नंतर लावते, आधी चौथ्या मजल्यावर जाऊन येते.