घसारा धरायचा तर दोन्ही बाजूंना धरा

नमस्कार.

तुमच्या प्रतिक्रियेचा मुद्दा असा: मी मागच्या लेखात पॉलिसी नीट घेतली तर आगीचा क्लेम मिळतो असं लिहिलं, पण तुमच्या मेहुण्यांच्या वर्कशॉपच्या आगीत १२ लाखांची यंत्रं गेली, यंत्रांवर २० लाखांचा विमा होता, आणि कंपनी ४ लाख ८० हजारांवर अडून बसली आहे. म्हणून माझा लेख कंपनीच्या बाजूचा. तुम्ही आकडे दिलेत हे फार चांगलं केलंत, कारण चूक त्या आकड्यांतच दिसते आहे.

तुम्ही लिहिता, शेडमधली सगळी यंत्रं आज नवी घ्यायची तर ३० लाख लागतील आणि सर्व्हेअरने, म्हणजे नुकसान मोजायला कंपनीने नेमलेल्या माणसाने, सरसकट ४० टक्के घसारा धरला. १२ लाखांवर ४० टक्के घसारा म्हणजे राहिले ७ लाख २० हजार. मग ३० लाखांच्या मालमत्तेवर विमा फक्त २० लाखांचा, म्हणून अ‍ॅव्हरेजचं कलम (विमा जितका अपुरा, त्या प्रमाणात भरपाई कापणारं) लावून त्याचे दोन तृतीयांश, म्हणजे ४ लाख ८० हजार. गुणाकार-भागाकार बरोबर आहे, पद्धत चुकीची आहे. नुकसान मोजताना यंत्रं जुनी धरली आणि विमा अपुरा ठरवताना तीच यंत्रं नवी धरली. असं चालत नाही.

पॉलिसीत रीइन्स्टेटमेंटचं कलम, म्हणजे जळलेल्याच्या जागी नवं घेण्याचा खर्च देणारं कलम, आहे असं तुम्हीच कळवलं आहे. तेव्हा दोनच रस्ते उरतात. मेहुणे नवी यंत्रं घेणार असतील तर घसारा धरायचाच नाही. मोजणी नव्या किमतीने होईल, अ‍ॅव्हरेज लागेल आणि ८ लाख येतील. त्यासाठी यंत्रं खरोखर विकत घ्यावी लागतात, साधारणपणे आगीपासून १२ महिन्यांत, आणि खर्च होईपर्यंत घसारा वजा जाता येणारी रक्कमच हातात पडते. मुदत पुरणार नसेल तर ती संपण्याआधी लेखी वाढवून घ्या. नवी यंत्रं घेणार नसतील तर घसारा मान्य, पण मग सगळ्या शेडची किंमतही घसारा वजा करून १८ लाख होते. २० लाखांचा विमा त्याला पुरून उरतो, म्हणजे अ‍ॅव्हरेज नाही आणि ७ लाख २० हजार पूर्ण मिळायला हवेत. दोन्हींतून भंगाराची किंमत आणि पॉलिसीतला एक्सेस, म्हणजे विमेदाराने स्वतः सोसायचा वाटा, तेवढा जाईल.

४० टक्क्यांवरही भांडायला जागा आहे. आयकराच्या तक्त्यातला घसारा इथे लागू नाही. यंत्राचं वय, उरलेलं आयुष्य, कधी ओव्हरहॉल झालं, हे बघून प्रत्येक यंत्राचा आकडा वेगळा यायला हवा. गेल्या वर्षी बेड ग्राइंड करून घेतलेल्या लेथला आणि त्याच वयाच्या, कधीच न उघडलेल्या लेथला एकच टक्का लावणं मला तरी पटत नाही. ओव्हरहॉलची बिलं पत्राला जोडा.

मात्र १२ लाखांऐवजी ८ लाख, ही तफावत कंपनीने केलेली नाही. विम्याची रक्कम ताळेबंदातल्या घसारा गेलेल्या आकड्यावरून धरली की हे होणारच, आणि लहान वर्कशॉपमध्ये सर्रास तेच होतं. १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा पॉलिसीत, म्हणजे एका जागेवरची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर, १५ टक्क्यांपर्यंतचा अपुरेपणा माफ आहे. ३० लाखांच्या यंत्रांवर साडेपंचवीस लाखांचा विमा असता तर अ‍ॅव्हरेज लागलंच नसतं.

लहान हत्यारांची यादी बिलं नाहीत म्हणून उडवली, ही तुमची दुसरी तक्रार. जळलेली बिलं परत उभी करता येतात. जीएसटी पोर्टलवरच्या जीएसटीआर-२बी या खरेदीच्या तक्त्यामध्ये पुरवठादारनिहाय बिल नंबर आणि तारखा सापडतात, त्यावरून पुरवठादाराकडे प्रती मागा. मायक्रोमीटर, बोअर गेज, व्हर्नियर यांच्यासाठी कॅलिब्रेशनचे (अचूकता तपासल्याचे) दाखले सगळ्यांत भक्कम, त्यावर प्रत्येक उपकरणाचा अनुक्रमांक आणि रेंज असते आणि लॅबकडे प्रत असते. "हत्यारं, एकूण २ लाख" अशी एक ओळ दिली तर ती कापली जाणारच. चक, कोलेट, टूल होल्डर, इन्सर्टच्या डब्या, सगळं नगावारी लिहा.

जळालेल्या कच्च्या मालावरचा जीएसटीही सोडू नका. नष्ट झालेल्या मालावर घेतलेलं क्रेडिट, म्हणजे खरेदीत भरलेल्या कराची वजावट, जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) प्रमाणे परत करावं लागतं, त्यामुळे तो कर नुकसानीचाच भाग आहे. गिऱ्हाइकाने जॉबवर्कला दिलेलं कास्टिंग मात्र पॉलिसीत वेगळं नोंदलेलं नसेल तर सहसा धरत नाहीत.

वाचलेल्या मिलिंग मशीनचं नुकसान "नंतरचा गंज" म्हणून नाकारलं, त्यात सर्व्हेअर पूर्ण चूक नाही. पीव्हीसी केबल जळली की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, काजळीबरोबर स्लाइडवर (यंत्राच्या सरकत्या पृष्ठभागांवर) बसतो आणि बंबाच्या पाण्यात मिसळून आम्ल होतो. स्लाइडवर काही दिवसांतच खड्डे पडायला लागतात. नुकसान वाढू न देणं ही विमेदाराची जबाबदारी आहे. आधी फोटो, मग सर्व्हेअरला मेल, मग लगेच पुसून गंजरोधक तेल. पण मेहुण्यांनी तिसऱ्या दिवशी परवानगी मागितली आणि उत्तर दहा दिवसांनी आलं, असं तुम्ही म्हणता. तो मेल हाच पुरावा, तो जोडाच.

आता सर्व्हे रिपोर्टची प्रत लेखी मागा आणि वरचे दोन हिशेब मांडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र द्या. सर्व्हेअरचा आकडा अंतिम नसतो, हे सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं आहे. डिस्चार्ज व्हाउचरवर, म्हणजे रक्कम मिळाली आणि क्लेम मिटला अशा पावतीवर, सही मागतील. पैशांची निकड असेल तर "रक्कम मान्य नाही, हक्क राखून स्वीकारत आहे" असं लिहूनच सही करा, आणि त्याच दिवशी तसा मेलही टाका. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. एकल मालकीच्या आणि सूक्ष्म उद्योगांच्या तक्रारी तिथे चालतात, मर्यादा ५० लाखांची, फी नाही. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि तोच वाद ग्राहक आयोगात किंवा कोर्टात चालू असेल तर लोकपाल तो घेत नाहीत. त्यामुळे ग्राहक आयोगाचा अर्ज वकिलाकडे तयार असला तरी आत्ता दाखल करू नका.