नऊशे मडकी आणि एक वही

मार्चमधल्या भर दुपारी आमच्या दारात मडक्यांनी भरलेला टेम्पो येऊन थांबला. पाच मिनिटांत समोरच्या काकू डोक्यावर पदर घेऊन आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “काय ओ, कोण गेलं?”

“कुणी नाही. गच्चीवर घालायचीत.”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, टेम्पोकडे पाहिलं आणि मला ओलांडून आत जाऊन हिला विचारलं, “रिटायर झाल्यापास्नं असं करतेत का?”

काकूंना बोल लावण्यात अर्थ नाही. मडकी सांगायला गेलो तेव्हा कुंभारानेही आकडा ऐकून चाक थांबवलं होतं. “नऊशे? गावात साथबीथ आली का काय मालक?” हिशेब मात्र चोख होता. मधली खोली वीस फूट बाय वीस फूट, मडक्याचं तोंड आठ इंची. एका रांगेत तीस, अशा तीस रांगा. बँकेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला इतका निःशेष भाग जाताना दिसला की तो त्यातला शहाणपणा तपासत बसत नाही. फुटतील म्हणून पन्नास जास्त सांगितली. सत्तर फुटली.

या सगळ्याच्या मुळाशी माझा भाचा. तो पुण्यात आर्किटेक्ट आहे आणि त्याच्या व्यवसायातल्या लोकांना हल्ली नवं घर बांधण्यापेक्षा जुनं वाचवण्यात जास्त पुण्य वाटतं. त्याला प्रयोगाला एक घर हवं होतं. मामाचं होतं.

सोलापुरातलं आमचं हे घर आजोबांनी बांधलं. दोन फुटी दगडमातीच्या भिंती, वर माळवद. म्हणजे सागवानी तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. मृग लागायच्या आत वर नवी माती टाकून चोपायची. मधल्या खोलीत झरोका होता. मे महिन्याच्या दुपारी त्यातून उन्हाचा एकच कवडसा जमिनीवर यायचा आणि आम्ही मुलं त्याच्याभोवती पत्ते कुटत बसायचो. पंखा होता, पण तो पाहुणे आले की लावायचा.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून सगळे नुकते कुठे आडवे झाले होते. भूकंप झाला ते किल्लारी काही आमच्या शेजारी नाही, तरी मांडणीवरची भांडी खाली आली. तिकडे तर हजारो माणसं स्वतःच्याच घराच्या दगडमातीखाली गेली. माळवदावर दरवर्षी माती चढत जाते. फूटभर थर झाला की एका चौरस मीटरला अर्धा टन वजन भरतं. हे गणित तेव्हा कुणी केलं नव्हतं, वर्तमानपत्रांतले फोटो पुरेसे होते. पुढच्या उन्हाळ्यात वडिलांनी माळवद उतरवलं, कॉलम उभे करून स्लॅब टाकला, झरोका बुजवला आणि जुन्या भिंतींना आतून-बाहेरून सिमेंटचं प्लॅस्टर करून घेतलं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. त्या स्लॅबखाली आम्हाला पुन्हा निर्धास्त झोपता येऊ लागलं. फक्त झोप लागत नसे.

कारण सोलापूरचं ऊन. स्लॅब दिवसभर ते गिळतो आणि आपण अंथरूण टाकलं की सावकाश ओकायला लागतो. भिंतींची वेगळीच तऱ्हा. जमिनीतली ओल दगडमातीच्या भिंतीत थोडीफार चढतेच. पूर्वी ती मातीच्या गिलाव्यातून वाळून जायची. आता दोन्ही अंगांनी सिमेंटचा रेनकोट. आत घाम आला की जायला वाट नाही. त्यामुळे कमरेच्या उंचीपर्यंत पोपडे. दर दिवाळीला रंग द्यायचा आणि होळीपर्यंत तो पुन्हा जमिनीवर आलेला असायचा.

“पाडून टाक,” चुलतभाऊ म्हणाला. “खाली दोन गाळे, वर चार फ्लॅट.” चुलतभाऊ लोकांच्या लग्नात जागा बघतो आणि आमच्याकडे आला की भिंती.

“मामा, सिमेंटची भट्टी चौदाशे-साडेचौदाशे अंशांपर्यंत तापवावी लागते,” भाचा म्हणाला. “एक टन सिमेंट म्हणजे पाऊण टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. उभं घर पाडून पर्यावरणपूरक घर बांधायचं म्हणजे काटकसर शिकायची म्हणून घरातली सगळी भांडी मोडीत काढण्यासारखं आहे.”

मला ते पटलं. भांड्यांच्या उदाहरणाने हिला तर फारच पटलं. आम्ही होकार दिला. उद्यापासून गवंडी येईल अशी माझी समजूत होती. आली वही.

“आधी बेसलाइन,” भाचा म्हणाला. “पूर्ण उन्हाळा मोजायचा. नाहीतर काम झाल्यावर फरक कसा कळणार?”

“गार वाटेल की.”

“वाटणं हा पुरावा नाही मामा.”

चार तापमापक आले. एक ओसरीत, एक मधल्या खोलीत, एक स्वयंपाकघरात, एक गच्चीवर सावलीला. सकाळी सात, दुपारी तीन, रात्री दहा. वहीत रकाने आखलेले, शेवटचा रकाना ‘शेरा’. शिवाय दर महिन्याचे विजेचे युनिट. २०२३ चा उन्हाळा मी त्या वहीच्या पायाशी बांधलेल्या बकरीसारखा काढला. लग्नाला गेलो तर तीनच्या आत परत. रात्री दहाला डोळे मिटत असले तरी टॉर्च घेऊन गच्चीवर. स्वयंपाकघरातला तापमापक तीन दिवस एकसारखा बेचाळीस दाखवत होता, तेव्हा कळलं की हिने तो शेगडीमागच्या खिळ्याला हलवलाय, कारण आधीच्या खिळ्याला चाळणी लागायची. एकदा मला पंढरपूरला जावं लागलं. त्या दिवसाची हिच्या अक्षरातली नोंद अजून वहीत आहे. दुपारी ३, मधली खोली: ‘खूप.’

तरी आकडे जमले. मे महिन्यात रात्री दहाला ओसरीत सरासरी ३३ अंश आणि मधल्या खोलीत ३८. म्हणजे माणसाने ऊन चुकवायला घरात यायचं आणि घराला चुकवायला ओसरीत. इतकी वर्षं आम्ही तेच करत होतो. आता ते वहीत होतं.

पावसाळा सरल्यावर चुना आला. परसात खड्डा खणून त्यात कळीच्या चुन्याचे खडे टाकले आणि मिस्त्रीने वरून पाणी सोडलं. आधी काहीच नाही. मग एक खडा चुरचुरला, दुसरा फुटला आणि बघता बघता खड्डा शेवटच्या दमावर आलेल्या भातासारखा रटरटायला लागला. वाफेचा लोट उठला. मिस्त्रीने मला दंडाला धरून मागे ओढलं. “डोळ्यात उडाला तर डोळा जाईल मालक.” चुन्याची गंमत अशी, की दगड भाजताना त्यातून जो वायू निघून जातो, तोच भिंतीवर वाळताना चुना हवेतून पुन्हा ओढून घेतो आणि परत दगड होतो. भट्टीच्या जळणाचा धूर तेवढा उधारीत राहतो. मला हे व्यवहार म्हणून आवडलं. सिमेंटने असं मुद्दल परत केल्याचं बँकवाल्याच्या कानावर नाही.

“घराला चुना लावताय का कुणी तुम्हाला लावतंय?” हा विनोद पहिल्या महिन्यात अठ्ठावीस जणांनी केला. मी शेऱ्यात नोंद ठेवली.

चुन्यात घालायला मिस्त्रीने गूळ मागितला. शिवाय हिरडा आणि बेलफळाचं पाणी. दहा किलो गूळ दारातून आत येताना पाहून ही म्हणाली, “माणसाला मधुमेह म्हणून घरात गूळ बंद, आणि भिंतीला दहा किलो.” दोन दिवसांनी सोलापुरातल्या तमाम मुंग्यांना पत्ता मिळाला. जुनं सिमेंट ठोकून काढलं तेव्हा आतल्या मातीचा वास घरभर सुटला आणि मी उगीचच आजोबांचा फोटो पुसला.

गिलावा झाला, पण संपेना. रोज पाणी मारायचं, सावली धरायची, आठवडेच्या आठवडे. “सिमेंट लावलं की तुमी मोकळे,” मिस्त्री म्हणाला. “चुना म्हंजे जावई हाय मालक. सारखं पाणी इचारत बसायचं.” मी सकाळ-संध्याकाळ भिंतींना पाणी विचारत होतो. खऱ्या जावयाला इतकं विचारलं असतं तर तो मला घाबरला असता.

आणि मग ती मडकी. ही जुनी युक्ती आहे. गच्चीवर मडकी उपडी मांडायची, मधल्या फटींत विटांचे तुकडे आणि चुना, वर कोबा, कोब्यावर पांढऱ्या फरशीचे तुकडे. मडक्यात हवा कोंडलेली राहते आणि कोंडलेली हवा उष्णता सहजी खाली जाऊ देत नाही. वर पुन्हा वजन चढणार म्हटल्यावर माझ्या पोटात किल्लारी झाली. पण आधी इंजिनिअरने येऊन स्लॅब तपासला, तीस वर्षांचा जुना कोबा उतरवायला लावला आणि हिशेब करून सांगितलं, की नवा भार उतरवलेल्या भारापेक्षा कमीच आहे. बुजवलेला झरोकाही उघडला. वीस मडकी कमी पडली, तिथे खापऱ्या भरल्या. खोलीचा कोणता कोपरा त्या खापऱ्यांखाली येतो ते मला माहीत आहे आणि मी तिथे खुर्ची ठेवत नाही.

मे २०२४. तोच मी, तीच वही. रात्री दहा वाजता ओसरी ३३, मधली खोली ३४. चार अंशांनी उतार! भाच्याला फोन केला तर तो म्हणाला, “बाहेरचा आकडा जवळपास तोच आहे ना? मग तुलना बरोबर.” त्याच्या आवाजात आनंद होता, पण तो आधी पडताळून मग व्यक्त केलेला होता.

मूल्यमापनातला सर्वांत भारी पुरावा मात्र वहीत नव्हता. ही एके दिवशी कुरडयांची चाळण घेऊन गच्चीवरून चिडून खाली आली. “पूर्वी सकाळी घातली की संध्याकाळी कुरडई खडखडीत. आता दुसऱ्या दिवशी दुपार होते. तुमच्या भाच्याने माझी गच्ची बिघडवली.” मी हे हसत हसत भाच्याला सांगितलं, तर तो एकदम गंभीर झाला. पांढरी फरशी ऊन परत फेकते, म्हणून पृष्ठभाग तापत नाही, म्हणून कुरडईला खालून मिळणारी धग गेली. माझ्या दोन उन्हाळ्यांच्या नोंदींना जे सांगायला जमलं नव्हतं ते एका चाळणीने सांगितलं, असं त्याचं म्हणणं. पुढच्या सुट्टीत तो मामीकडून कुरडयांच्या तारखा उतरवून घेत होता. मामी त्याला म्हणाली, “तू आधी मला दुसरी गच्ची दे.”

आणि मग बिल आलं. मे २०२३ ला २१८ युनिट. मे २०२४ ला २४१.

मी ते तीनदा वाचलं. जुने ७५ वॅटचे पंखे काढून तिशीतल्या वॅटचे नवे लावले होते. घर चार अंशांनी गार. खर्च एवढा की तो मी हिला दोन हप्त्यांत सांगितला. आणि युनिट तेवीस जास्त! भाच्याने आधी पैसे किती वर्षांत वसूल होतील याचा तक्ता दिला होता. त्या तक्त्यात ‘कधीच नाही, उलट वर्षाला थोडे जास्त’ असा रकाना नव्हता.

भाच्याने शांतपणे विचारलं, “मामा, घरात माणसं किती होती?”

इथे मी गप्प झालो. दरवर्षी सून आणि नातवंडं मे महिन्यात चार दिवस यायची आणि पाचव्या दिवशी ‘मुलांना घामोळं आलं’ म्हणून जायची. मुलगाही त्यांच्याबरोबरच. या वर्षी सून आणि दोन्ही नातवंडं पंचवीस दिवस राहिली, मुलगा सहा रात्री. शिवाय पंढरपूरची आत्या. वय चौऱ्याऐंशी. ‘तुमच्याकडे गार झालंय म्हणे’ एवढंच म्हणून आली आणि वीस रात्री होती. झरोक्याखाली पत्त्यांचा डाव पुन्हा सुरू झाला होता आणि आत्या त्यात राजरोस लबाडी करत होती.

“याला रिबाउंड म्हणतात,” भाचा म्हणाला. “१८६५ मध्येच जेव्हन्स नावाच्या अर्थतज्ज्ञाने सांगून ठेवलंय. वाफेची इंजिनं कमी कोळशात चालायला लागली तर कोळसा वाचेल असं लोकांना वाटत होतं. झालं उलटं. इंजिनंच वाढली.”

“आत्या इंजिन नाही.”

“मामा, तुम्ही युनिटला माणूस-रात्रींनी भागा. एक माणूस एक रात्र राहिला की एक.”

भागलं. मे २०२३ मध्ये ७८ माणूस-रात्री, म्हणजे दर रात्री माणशी २.७९ युनिट. मे २०२४ मध्ये १६३, म्हणजे १.४८. जवळपास निम्मं! ताळेबंद असा अचानक जुळला की कॅशियरला जे होतं ते मला झालं. मी हिला आकडा दाखवला. ती म्हणाली, “बिल भरताना १.४८ चं भरणार आहात का?”

एक उन्हाळा पुरत नाही, असं भाच्याचं म्हणणं. आणखी एक हवा, आणि या वेळी कोण किती रात्री राहिलं याचीही रोजची नोंद. दाराशी पाहुण्यांसाठी रजिस्टर ठेवायची माझी सूचना हिने पूर्ण ऐकूनही घेतली नाही, त्यामुळे मी मोरीजवळच्या चपला मोजतो.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आत्या आली, या वेळी ट्रंक घेऊन. परवाची दुपारी तीनची नोंद मी नीट केली आहे. गच्ची ४३. ओसरी ४०. मधली खोली ३४. शेरा: आत्याला गार लागतंय, पंखा बंद करायला लावला.