अ‍ॅबस्कॅमवरील लेख: एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

अ‍ॅबस्कॅम म्हणजे बनावट अरब शेखच्या नावाने लाच देऊ करून अमेरिकी लोकप्रतिनिधींना पकडण्यासाठी एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेने लावलेला सापळा. त्यावरील माझ्या लेखावर आपण दिलेल्या प्रतिक्रियेला हे उत्तर.

‘एका भामट्याच्या शब्दावर सात लोकप्रतिनिधींना गुन्हेगार ठरवले गेले आणि लेखक त्या भामट्याला डोक्यावर घेऊन नाचतो’ हे आपले वाक्य मी मतभेद म्हणून स्वीकारले असते; परंतु त्याला ‘घरबसल्या कायदा शिकवणारे’ ही पुस्ती जोडण्याचे प्रयोजन मला कळले नाही. माझी उमेदीची वर्षे फौजदारी न्यायालयात लघुलेखक म्हणून गेली आहेत. उलटतपासणीत खबऱ्याची साक्ष कशी उसवत जाते, हे मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यापासून हातभर अंतरावर बसून टिपले आहे. खबऱ्याच्या शब्दावर विसंबू नये, हे मला कोणी शिकवण्याची गरज नाही.

आपण म्हणता तो भामटा, म्हणजे खबऱ्या मेल्विन वाइनबर्ग, कर्ज मिळवून देण्याच्या थापा मारून आगाऊ शुल्क उकळत असे आणि शिक्षेत सवलत मिळावी म्हणूनच तो एफबीआयच्या कामाला लागला, हे मूळ लेखात आहेच. नेमक्या याच कारणासाठी खटले त्याच्या शब्दावर उभे केले गेले नाहीत. बनावट अरब शेखच्या नावाने घडवून आणलेल्या बैठका छुप्या कॅमेऱ्यांनी टिपल्या. फ्लोरिडाचे लोकप्रतिनिधी रिचर्ड केली २५,००० डॉलर खिशांत कोंबतात आणि वर, बाहेरून काही दिसत नाही ना, अशी विचारणा करतात. दुसरे लोकप्रतिनिधी मायकेल मायर्स ५०,००० डॉलरचे पाकीट घेऊन जातात. ज्यूरीने हे डोळ्यांनी पाहिले. त्यात वाइनबर्गचे चारित्र्य कुठे आड येते? सिनेटर लॅरी प्रेसलर यांच्यासाठीही हाच सापळा लावला होता, परंतु ते पैसे नाकारून निघून गेले. मोह घातला की कोणीही फसणारच, असे ठणकावण्यापूर्वी आपण हे नाव तरी पाहायला हवे होते. लेखात होते ते.

शीर्षक जरा भडक झाले, हे मान्य. खबऱ्याला सरकारने मोबदला दिला याचे आपल्याला एवढे आश्चर्य का वाटावे, हे कळत नाही. सिनेटर हॅरिसन विल्यम्स यांना शेखसमोर काय बोलायचे ते वाइनबर्गनेच पढवले, हा आपला तिसरा मुद्दा. पढवले, हे खरे. तरीही अपील न्यायालयाने १९८३ मध्ये त्यांची दोषसिद्धी कायम ठेवली, आणि त्यापुढे मी येथे वाद घालणार नाही.

लेख लांबलचक असल्याचा टोमणा मी मनावर घेतलेला नाही. आपण तो अर्ध्यावर सोडला, हे प्रतिक्रियेवरून दिसतेच आहे.