आधी मशीनला हात लावू द्या

निवडणूक आली की मुंबईत दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. मतदार म्हणतात, "रांग हलतच नाही, आतले लोक करतात तरी काय?" आणि आतले लोक, म्हणजे आम्ही, म्हणतो, "पहाटेपासून जागचे हललेलो नाही." दोघांचंही खरं आहे. आणि दोन्हींचं मूळ मला एकाच ठिकाणी दिसतं : मतदानाआधी आम्हाला मिळणाऱ्या प्रशिक्षणात.

मी शिक्षिका आहे. पश्चिम उपनगरात राहते. आधी मतदान अधिकारी आणि पुढे केंद्राध्यक्ष म्हणून बरीच वर्षं निवडणुकीचं काम करतेय. लोकसभा, विधानसभा, महापालिका, सगळं बघून झालंय. ड्यूटी कशी रद्द करून घ्यायची हे सांगायला ही पोस्ट लिहीत नाहीये, तेव्हा त्या आशेने कुणी वाचू नये. मला हे काम मनापासून आवडतं. आपल्या टेबलासमोरून कंपनीचा डायरेक्टर आणि त्याच्याच बिल्डिंगमधली धुणंभांड्याची मावशी एकाच रांगेतून जातात, दोघांच्या बोटाला तीच शाई लागते, हे दर वेळी बघताना मला भरून येतं. म्हणूनच हे काम आम्हाला ज्या पद्धतीने शिकवलं जातं त्याचा राग येतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नाट्यगृह किंवा मोठा हॉल असतो. शेकडो माणसं. बँकेतले, विम्यातले, महापालिकेचे, शाळा-कॉलेजांचे. स्टेजवर पडद्यावर स्लाइड सुरू असतात आणि टेबलावर एक मशीन ठेवलेलं असतं. ते पहिल्या तीन-चार रांगांना दिसतं, बाकीच्यांनी ऐकायचं. शेवटी सांगतात की आता बाहेरच्या टेबलांवर मशीन हाताळून बघा. प्रत्येक टेबलाभोवती कोंडाळं होतं. पुढचे चार जण बटणं दाबतात, मागचे टाचा उंचावून बघतात, आणि ज्यांना विरार किंवा बदलापूर गाठायचंय ते हजेरीची सही करून सटकतात. त्यांना तरी काय बोलणार? शिकवणारे अधिकारी बहुतेक वेळा जाणकार असतात, तळमळीने सांगतात, घसा बसेपर्यंत सांगतात. पण पोहणं काठावर बसून ऐकून येत नाही.

रांगेचं गणित मांडून बघू. सकाळी ७ ते संध्याकाळी ६ म्हणजे ११ तास, म्हणजे ६६० मिनिटं. निवडणूक आयोगाने २०२५ मध्ये एका केंद्रावर जास्तीत जास्त १२०० मतदार अशी मर्यादा घातली. त्याआधी ती १५०० होती. आता १२०० पैकी ५५ टक्के आले तरी ६६० माणसं होतात. म्हणजे दर मिनिटाला एक मत, तेही दिवसभर न थांबता. ना चहा, ना जेवण, ना मशीनची कुरकुर. आणि माणसं काही मिनिटाला एक अशी शिस्तीत येत नाहीत. सकाळी ऑफिसच्या आधी लोंढा येतो, दुपारी शुकशुकाट, चारनंतर पुन्हा लोंढा. २० मे २०२४ ला लोकसभेच्या मतदानात मुंबईभर उन्हात ताटकळलेल्या रांगा सगळ्यांनी पाहिल्या. तेव्हा बातम्यांमध्ये मंडप, पंखे, पाणी यांची चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. पण टेबलावर एका माणसामागे किती सेकंद जातात आणि ते कसे वाचवायचे, यावर चकार शब्द नाही. आम्हाला प्रशिक्षणातही ते कुणी शिकवत नाही.

रांग कुठे अडते? बाहेरच्यांना वाटतं मशीनपाशी. मशीनपाशी फार वेळ जात नाही. आमच्याकडच्या कंट्रोल युनिटवर बॅलटचं बटण दाबलं की तिथे लाल दिवा लागतो, तिकडे मतदारासमोरच्या बॅलट युनिटवर हिरवा. तो बटण दाबतो, व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, काचेमागे ७ सेकंद चिठ्ठी दिसते, लांब बीप वाजतो, झालं. रांग अडते ती पहिल्या मतदान अधिकाऱ्यापाशी, यादीत नाव शोधताना. मतदाराकडे मतदार-चिठ्ठी असेल तर अनुक्रमांकावरून नाव चुटकीसरशी सापडतं. नसेल तर तो नुसतं आधार कार्ड पुढे करतो आणि आपला माणूस पानं उलटत बसतो. यादी आडनावाप्रमाणे नसते, घर आणि इमारतीप्रमाणे असते, हे नवख्याला ठाऊकच नसतं. तो "पाटील" शोधत पहिल्या पानापासून सुरुवात करतो आणि बाहेर वीस माणसं वाढतात. अनुक्रमांक विचार, नसेल तर इमारतीचं नाव विचार, यादीचा भाग आपल्या केंद्राचा आहे ना ते आधी बघ, नाव मोठ्याने वाच म्हणजे उमेदवारांच्या एजंटांना ऐकू जाईल, रेघ मार, पुढे पाठव. हे अर्धा तास खऱ्या यादीवर करून घेतलं तर दुसऱ्या दिवशी हात आपोआप चालतो. मी माझ्या पथकाकडून आदल्या संध्याकाळी केंद्रावर हेच करून घेते. शाळेच्या बाकावर यादी उघडायची आणि मी मतदार होऊन उलटसुलट नावं सांगायची. सकाळी फरक दिसतो.

आता मॉक पोल, म्हणजे मशीन तपासायचं चाचणी मतदान. मतदान सुरू व्हायच्या ९० मिनिटं आधी, म्हणजे साडेपाचला, एजंटांसमोर किमान ५० मतं टाकायची. प्रत्येक उमेदवाराला, नोटालाही. मग कंट्रोल युनिटवर क्लोजचं बटण, मग रिझल्टचं, एजंटांना आकडे दाखवून जुळवायचे, मग क्लिअर, म्हणजे ती मतं पुसायची. सीआरसी. व्हीव्हीपॅटच्या खोक्यातल्या चिठ्ठ्या काढायच्या, त्यांच्या मागे मॉक पोलचा शिक्का मारायचा, काळ्या पाकिटात घालून ते पाकीट प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवायचं आणि डब्याला गुलाबी कागदी सील लावायचं. खोका रिकामा असल्याचं एजंटांना दाखवायचं. मग कंट्रोल युनिटचा हिरवा कागदी सील, त्यावर सह्या, स्पेशल टॅग, पट्टीचा सील. हे वाचायलाच तुम्हाला कंटाळा आला असेल. आम्ही हे पहाटे, अपुऱ्या झोपेवर, घड्याळाकडे बघत करतो, आणि आमच्यातल्या अनेकांनी हिरवा सील त्याआधी फक्त पडद्यावर पाहिलेला असतो. तो कुठल्या बाजूने आत सरकवायचा, किती बाहेर ठेवायचा, हे चित्रावरून कळत नाही. फाटला तर नंबर बदलतो, कागदावर नोंद बदलते, पाचही एजंट पुन्हा मान वर करून बघतात. आणि या घाईत क्लिअर राहून गेलं तर ती मॉक पोलची मतं मशीनमध्ये तशीच राहतात. मतमोजणीच्या दिवशी ते मशीन बाजूला ठेवावं लागतं आणि मग संशयाचे ढग जमतात. कुणी लबाडी केलेली नसते. एका थकलेल्या माणसाने एक बटण दाबलेलं नसतं. पण ते लोकांनी कशावरून मानायचं?

मशीन मध्येच बंद पडलं की खरी तारांबळ उडते. कंट्रोल युनिट किंवा बॅलट युनिट बिघडलं तर सगळा संच बदलायचा, आणि नव्या संचावर प्रत्येक उमेदवाराला आणि नोटाला एकेक मत देऊन पुन्हा मॉक पोल. फक्त व्हीव्हीपॅट बिघडलं तर तेवढंच बदलायचं, मॉक पोल नाही. वायर काढण्या-लावण्याआधी कंट्रोल युनिट बंद करायचं. एवढंच आहे, पण ज्याने हे कधी केलेलं नाही तो झोनल ऑफिसरला फोन लावत बसतो, तो ऑफिसर दुसऱ्या केंद्रात अडकलेला असतो, आणि बाहेर कुणीतरी व्हिडिओ काढायला लागतं.

एक प्रसंग सांगते, जो मला कधीच विसरता येणार नाही. एका केंद्रावर मी दुसरी अधिकारी होते. साठीच्या पुढच्या एक आजी आल्या, काठी टेकत. यादीत त्यांच्या नावावर आधीच रेघ होती, कुणीतरी त्यांच्या नावाने मत देऊन गेलं होतं. त्या वेळच्या केंद्राध्यक्षांनी सांगितलं, "तुमचं मतदान झालंय, मावशी." माणूस वाईट नव्हता, त्यांना खरंच पुढे काय करायचं ते माहीत नव्हतं. आजी म्हणाल्या, "मी तर आत्ता येतेय बाळा, माझं बोट बघ ना." मी पुस्तिका उघडून दाखवली. ओळख पटली तर अशा मतदाराला प्रदत्त मत देता येतं. नमुना १७ बी मध्ये नोंद करायची, मतपत्रिका द्यायची, ती वेगळ्या पाकिटात बंद करायची. आजींनी मत दिलं. त्या दारातच असताना हे सुचलं म्हणून. दहा मिनिटं उशीर झाला असता तर त्या घरी गेल्या असत्या आणि आयुष्यभर म्हणत राहिल्या असत्या की माझं मत चोरलं आणि सरकारी माणसांनी मला हाकललं.

प्रशिक्षणात प्रदत्त मतावर एक स्लाइड असते. आक्षेपित मतावर, म्हणजे एजंटाने मतदाराच्या ओळखीवर हरकत घेतली तर काय करायचं त्यावर, एक; त्यासाठी एजंटाने २ रुपये भरायचे असतात तेही त्यात असतं. अंध मतदाराच्या सोबत्यावर एक. "मी दाबलं एक आणि चिठ्ठी आली दुसरी" असं मतदार म्हणाला तर नियम ४९ एमए खाली लेखी घोषणापत्र घेऊन चाचणी मत कसं द्यायचं, त्यावर एक. सगळ्या स्लाइड झरझर जातात. यातला प्रत्येक प्रसंग तिथल्या तिथे नाटुकल्यासारखा वठवून दाखवायला पाच मिनिटं पुरतात. एकाने चिडलेला मतदार व्हायचं, एकाने एजंट, एकाने केंद्राध्यक्ष. नाट्यगृहातच बसवता ना आम्हाला?

पथकाबद्दलही बोलायला हवं. कर्मचाऱ्यांची सरमिसळ तीन टप्प्यांत होते आणि कुठलं केंद्र मिळणार ते अगदी शेवटी कळतं. हे योग्यच आहे, कुणाला आधीपासून संधान बांधता येऊ नये. पण दुसऱ्या टप्प्यात पथक ठरलेलं असतं. मग त्या चौघांना प्रशिक्षणात एका टेबलाशी, एका मशीनसमोर का बसवत नाहीत? माझ्या अनुभवात आम्ही एकमेकांना पहिल्यांदा नीट भेटतो ते आदल्या दिवशी साहित्य ताब्यात घेताना, उन्हात, पाकिटं मोजताना. कुणाचं अक्षर चांगलं, कुणाला जाड चष्मा, कोण आवाज चढला की गडबडतं, हे त्या दिवशी कळून उपयोग काय?

संध्याकाळचं तर कुणी बोलतच नाही. सहाच्या ठोक्याला रांगेत जे आहेत त्यांना सही केलेल्या चिठ्ठ्या द्यायच्या, आणि त्या रांगेच्या शेपटापासून पुढे वाटत यायच्या, म्हणजे मागे नवा माणूस घुसत नाही. हे साधं वाटतं, पण पुढून वाटायला सुरुवात करणारे मी पाहिलेत, आणि मग झालेली भांडणंही. त्यानंतर क्लोजचं बटण. मग मतदारांच्या सह्यांच्या १७ ए रजिस्टरमधली शेवटची संख्या, मत न देता परत गेलेले, चाचणी मतं आणि मशीनवरचं टोटल यांचा मेळ घालून मतांच्या हिशेबाचा नमुना १७ सी भरायचा आणि त्याच्या प्रती एजंटांना द्यायच्या. मतदानाच्या टक्केवारीवरून देशभर जो गदारोळ होतो, त्यातला मूळ कागद हा. तो चौदा-पंधरा तास बसून आंबलेला माणूस ट्यूबलाइटखाली हाताने भरतो. मग तो कागद खोटे आकडे टाकून का होईना, आधी दोनदा भरून घ्यायला नको?

मला सांगतात, मॅडम, एवढ्या लोकांना छोट्या बॅचमध्ये कसं शिकवणार? मुंबई शहराचे १० आणि उपनगरांचे २६ असे ३६ मतदारसंघ, केंद्रं हजारोंनी. मान्य. पण प्रशिक्षणासाठी मशीन वेगळी ठेवलेलीच असतात. शाळांचे वर्ग शनिवारी दुपारी रिकामे असतात. आणि ज्यांनी आधीच्या निवडणुकीत केंद्र चोख चालवलं असे केंद्राध्यक्ष प्रत्येक वॉर्डात आहेत, त्यांना शिकवायला बोलवा. एका वर्गात पाच पथकं, पाच मशीन, तीन तास. भाषण वीस मिनिटं, उरलेला वेळ हात चालवायचे. एका मशीनची वायर मुद्दाम सैल ठेवा आणि बघा कोण काय करतं. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १५९ खाली आमच्या आस्थापनांना माणसं द्यावीच लागतात, गैरहजर राहिलो तर कलम १३४ ची नोटीस येते. हक्काने बोलावता, तर हक्काने नीट शिकवाही.

पुढच्या प्रशिक्षणाआधी मी आमच्या भागातल्या निवडणूक कार्यालयाला हे सगळं लेखी देणार आहे. ज्यांनी ड्यूटी केलीय त्यांनी खाली कमेंटमध्ये लिहा : ऐन वेळी तुम्ही कुठे अडलात आणि ते आधी कुणी करून घेतलं असतं तर अडला नसता का. विशेषतः मध्येच संच बदलावा लागला असे, आणि प्रदत्त मत दिलेले. केंद्राचं किंवा कुणा अधिकाऱ्याचं नाव घालू नका, फक्त काय घडलं ते सांगा. अर्जाला जोडून देईन.