‘वेलकम टू कंट्री’ १९७६ साली जन्मले नाही

ऑस्ट्रेलियातील मराठी मंडळींमध्ये एक मजकूर वारंवार फिरतो. कार्यक्रमाच्या आरंभी त्या भूमीच्या मूळ रहिवाशांकडून होणारे ‘वेलकम टू कंट्री’ हे स्वागत १९७६ साली दोन कलाकारांनी रचले, ते मान्य केल्यास उद्या आपल्या घरांवर दावे येतील, आणि आपण बाहेरून आलेले असल्याने या जुन्या वादाशी आपला संबंध नाही, असे त्यात म्हटलेले असते.

१९७६ची घटना खरी आहे. पर्थमध्ये आलेल्या माओरी आणि कुक बेटांवरील नर्तकांना स्थानिकांनी स्वागत केल्याखेरीज कला सादर करणे प्रशस्त वाटेना, तेव्हा रिचर्ड वॉली आणि अर्नी डिंगो या मूळ रहिवासी कलाकारांनी ते स्वागत केले. त्यांनी रंगमंचाला साजेसे रूप घडवले. परभूमीत शिरण्यापूर्वी अनुमती घेण्याची रीत त्याहून फार जुनी आहे. मेलबर्न ज्या कुलिन समाजांच्या भूमीवर वसले, त्यांच्यात ‘तांडेरम’ हा सोहळा होत असे आणि त्यात पाहुण्यांना डहाळ्या व पाणी देऊन मुक्कामापुरती तेथील अन्नपाण्याची मुभा दिली जाई. विल्यम थॉमस या वसाहतीच्या अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकातच त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. १८३५ साली जॉन बॅटमन या वसाहतकाराने त्यांच्याशी जमिनीचा ‘करार’ केला, तेव्हा समोरच्या वडीलधाऱ्यांनी तो तांडेरमच समजला असावा, असे काही इतिहासकार मानतात. न्यू साउथ वेल्स वसाहतीचे गव्हर्नर बर्क यांनी मात्र त्याच वर्षी, ही जमीन ब्रिटिश राजसत्तेची आहे असे जाहीर करून तो करार रद्द ठरवला. मूळ रहिवाशांचा जमिनीवरील पूर्वापार हक्क न्यायालयात मान्य होण्यास माबो खटल्यातील १९९२चा निकाल यावा लागला.

घरांविषयीची भीती निराधार आहे. अशा स्वागताने किंवा कार्यक्रमात मूळ रहिवाशांचा उल्लेख केल्याने कोणताही कायदेशीर हक्क निर्माण होत नाही, आणि फ्रीहोल्ड, म्हणजे पूर्ण खासगी मालकीच्या, जमिनीवर ‘नेटिव्ह टायटल’ (मूळ रहिवाशांचा पूर्वापार हक्क) उरत नाही, हे ‘हायकोर्ट’ या येथील सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली फेजो खटल्यात स्पष्ट केले.

राहिला बाहेरून आल्याचा मुद्दा, आणि मला तो सर्वांत जास्त खटकतो. आपण येथे विकत घेतलेल्या घराची मालकी मागे शोधत गेलो, तर ती राजसत्तेने दिलेल्या जमिनीपाशीच पोहोचते. म्हणजे ज्या व्यवहारात मूळ रहिवाशांना विचारले गेले नाही, त्याचा लाभ आपल्यालाही मिळाला आहे.

हा उल्लेख पुष्कळदा यांत्रिकपणे उरकला जातो, ही तक्रार मात्र रास्त आहे. स्वागत करण्याचा अधिकार त्या भूमीच्या समाजाचाच असला, तरी आदरपूर्वक उल्लेख कोणीही करू शकतो. त्यासाठी आपल्या मंडळाने सभागृह कोणाच्या भूमीवर आहे हे आधी शोधावे: डँडेनाँगमध्ये बुनुराँग, मेलबर्नच्या ईशान्येकडे वुरुंजेरी.